दोघांनी पाहिलं तरच

११ एप्रिल

ही वही माझी एकटीची. दुसरी आहे ती दोघांची, पण तिच्यात फक्त प्राणी-पक्षी लिहायचे, मनातलं लिहायला जागा नाही. आणि आज मनात पुष्कळ साचलंय.

जेवणाच्या टेबलावर दोन माहितीपत्रकं पडली आहेत आणि दोन बाजूंना आम्ही दोघं, तोंडं फुगवून. प्रश्न एवढाच की यंदा जायचं कुठे. एक आहे लांबचं बेट. उंच कडा, त्यावर हजारोंनी समुद्रपक्षी घरटी करतात. दुसरा जुना किनारा, आम्ही लग्नाच्या पहिल्या वर्षी गेलो होतो तो. लहानसा धक्का आणि समुद्रातून धक्क्याच्या पायऱ्यांवर येऊन लोळणारे सील प्राणी, बस्स. दोन्ही ठिकाणं दोन टोकांना, पोचायलाच दोन-दोन दिवस.

दोन्हीकडे जाऊ म्हणायची सोय नाही. सप्टेंबरात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, ऑक्टोबरात लेकीचं बाळंतपण. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, नंतर सपाट रस्त्यावर हवं तेवढं चाला, पण शेकड्याने पायऱ्या चढायचं विसरा. बेटावर चारशे बारा पायऱ्या आहेत. म्हणजे मला यंदा नाही तर कधीच नाही.

ह्यांना मात्र जुना किनारा हवाय. ‘तिथे नवीन काय बघायचंय?’ मी विचारलं. ‘नवीन काही नाही,’ हे म्हणाले, ‘तेच बघायचंय.’ आता याला काय बोलायचं, कपाळ!

आमच्या दोघांच्या वहीत चौतीस वर्षांत दोनशे एक्क्याण्णव नोंदी झाल्यात. बेटावर न पाहिलेले नऊ पक्षी आहेत, मी मोजलेत. तीनशे होतील. वहीचा नियम एकच, दोघांनी पाहिलं तरच लिहायचं. मग माझी निळी टिक, ह्यांची काळी. नियम माझा. पहिल्याच सहलीत ह्यांनी घार बघून गरुड म्हणून छातीठोकपणे सांगितलं होतं, तेव्हापासूनचा.

१५ एप्रिल

आज गोडीत घेऊन बघितलं. बेटाच्या पत्रकात पफिन पक्ष्याचा पानभर फोटो आहे, गुबगुबीत, रंगीत चोचीचा. तो ह्यांच्यासमोर धरला. ‘कसा आहे?’ ‘छान आहे.’ मी पान उलटलं. ‘आणि हा?’ ‘हाही छान आहे.’ दुसऱ्या पानावर बोटीचं वेळापत्रक होतं!

हसावं की रडावं कळेना. मन नसेल जायचं तर नसू दे, पण माणसाने बघायचं नाटक तरी नीट करावं. मी पत्रक आपटून उठले. वर ह्यांनी चहा ओतला तो अर्धा बशीच्याही बाहेर. पुसला कोणी? मीच.

२४ एप्रिल

हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मी येते म्हटलं तर ‘बसने जाऊन येतो, तू कशाला तंगडतोड करतेस’ म्हणाले. चष्म्याचा नंबर बदललाय म्हणे, थेंब दिलेत. नवा चष्मा कधी मिळणार विचारलं तर म्हणाले, ‘करायला टाकू, घाई काय आहे.’ सगळ्यात असंच. घाई काय आहे!

पेपर वाचणं सोडलंय. ‘तेच तेच असतं गं, तूच वाच मोठ्याने, तुझ्या तोंडून जरा बरं वाटतं.’ पत्रं तर पहिल्यापासून मीच मोठ्याने वाचते, ती आमच्या घरची रीतच आहे. आता पेपरही माझ्याच गळ्यात.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. ह्यांचं नकाशे काढायचं ते भलंमोठं तिरकं टेबल ह्यांनी आपणहून देऊन टाकलं, त्यांच्या जुन्या कार्यालयातल्या एका मुलीला. लेखण्या, पट्ट्या, शाई, सगळं. जमीन मोजणीच्या कार्यालयात तीस वर्षं नकाशे काढले, निवृत्त झाल्यावरही रोज तासभर त्या टेबलाशी बसायचे. मी म्हटलं, शहाणपण सुचलं एकदाचं. खिडकीपाशी माझं शिवणयंत्र मस्त बसलं.

२ मे

लेकीचा फोन. तिला म्हटलं, तुझ्या बाबांना जरा समजाव. तर तीच मला म्हणते, ‘आई, या वेळी बाबा म्हणतील तिथे जा ना.’

‘का गं, वकीलपत्र घेतलंस का त्यांचं?’

‘आई, एकदा ऐक ना माझं.’ आणि एकदम रडायलाच लागली. काय झालं विचारलं तर ‘काही नाही, बाबांना विचार’ म्हणाली. बाबांना विचारलं. म्हणाले, ‘या दिवसांत रडू येतंच, तूही रडायचीस.’ ते खरं आहे. ही पोटात असताना मी भाजी करपली म्हणून रडले होते.

६ मे

आज कडाक्याचं भांडण झालं. सगळं लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी शब्द फिरवायला नको.

खरं तर यंदा निवडायची पाळी ह्यांची. एक वर्ष ह्यांचं, एक वर्ष माझं, असं आमचं ठरलेलं आहे. पण गुडघा काय पाळी बघून दुखतो? मी म्हटलं, जुन्या किनाऱ्याचं एक कारण सांगा, एकच, मी गप्प बसते.

हे कितीतरी वेळ टेबलावर बोट फिरवत बसले. मग म्हणाले, ‘तिथे ते जवळ येतं.’

‘काय जवळ येतं?’

‘सील. दोन हातांवर. आठवतं ना तुला? तिसऱ्या पायरीवर.’

‘मग प्राणिसंग्रहालयात जाऊ की! तिथे तर एका हातावर येतं.’

हसतील वाटलं होतं. हसले नाहीत. माझा पारा आणखी चढला. म्हटलं, ‘एवढी हौस असेल तर जा मग एकटे. तुम्ही तिकडे, मी इकडे.’

‘एकटा कसा जाऊ?’ हे म्हणाले.

म्हणजे बघा! माझ्यावाचून ह्यांचं पान हलत नाही, आणि ऐकायचं मात्र मी. संध्याकाळी आपणहूनच आले, दाराच्या चौकटीला हात धरून उभे राहिले. ‘बेटावर जाऊ. तुझा गुडघा आहे. पायऱ्या पुन्हा चढता यायच्या नाहीत तुला.’ मी म्हटलं, नक्की ना, नंतर तोंड पाडून बसायचं नाही. ‘नक्की,’ म्हणाले.

जिंकले खरी, पण जेवण गेलं नाही. खरं सांगू का, अशा माणसाबरोबर जाण्यापेक्षा मी एकटी गेले असते तर सुखी झाले असते. उत्साह नाही, काही नाही. नुसतं ओझं.

२१ जून, बेटावर

चढले! चारशे बाराच्या चारशे बारा. दोनशेनंतर गुडघ्याने सूड उगवला, पण चढले. हे सबंध वेळ माझ्या मागे, माझ्या पाठपिशवीचा पट्टा घट्ट धरून. सोडा म्हटलं, ओढ बसतेय. तर म्हणे, ‘तू पडलीस तर धरायला.’ काळजी आहे म्हणून गप्प बसले, पण प्रत्येक पायरीला मागे धोंडा बांधल्यासारखं वाटत होतं.

वर वारा असा की बोललेलं ऐकू येईना. डबा उघडला तर झाकण उडून थेट समुद्रात. आणि ह्यांची गंमत तर सांगायलाच हवी. दुर्बीण डोळ्यांना लावून दहा मिनिटं ‘वा, वा’ चाललंय, आणि दुर्बिणीच्या भिंगांवरची झाकणं तशीच! मी दाखवलं तर आधी ओशाळले, मग माझ्याहून मोठ्याने हसले. आमच्या बोटीतून आलेल्या मास्तरीणबाईसुद्धा हसल्या. तिथून उतरेपर्यंत मी ह्यांना झाकणराव म्हणत होते.

एका दिवसात आठ झाले. मी दाखवायचं, ह्यांनी म्हणायचं, ‘पाहिला. लिही.’ वारा होता म्हणून वही मी मांडीखाली धरली आणि खोलीवर आल्यावर ह्यांच्या टिकाही ह्यांच्या सांगण्यावरून मीच केल्या. पक्ष्यांचं वर्णन लिहीत बसत नाही. दोघांनी पाहिलंय, दोघांच्या लक्षात राहील. आता फक्त पाय शेकायचे आणि झोपायचं.

२२ जून, बेटावर

नववाही झाला. तीनशे.

कड्याच्या टोकाशी होता, आमच्या उजव्या हाताला, खडकाआड. मी ह्यांच्या कानाशी लागून म्हटलं, ‘तो बघा, तिकडे.’ तिकडे म्हणताना बोट दाखवलं. हे डावीकडे वळले. डावीकडे नुसता समुद्र, एक होडीसुद्धा नाही. तिकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘पाहिला. काय देखणा आहे गं. लिही. झाले तीनशे.’

मी लिहिलं. दोन्ही टिका केल्या.

घाईत दिशा चुकली असेल. वारा होता, डोळ्यांत पाणी येतं वाऱ्याने. आज जास्त लिहीत नाही.

२७ जून

घरी येऊन दोन दिवस झाले. काल संध्याकाळी ह्यांच्या खुर्चीशेजारचं स्टूल मी हातभर पुढे सरकवून ठेवलं. मुद्दाम. का ठेवलं ते मलाच माहीत नाही. हे न्हाणीघरातून आले, मोजल्यासारखी पावलं टाकत, आणि थेट स्टुलावर आदळले. नडगीला चांगलं खरचटलं. ‘माझंच लक्ष नव्हतं,’ म्हणाले. मी औषध लावलं.

स्टूल परत जागेवर ठेवलंय. ह्यांना अजून काही विचारलेलं नाही.

३ जुलै

डोळ्यांच्या रुग्णालयाचं पत्र आलं. रोजच्यासारखे हे खुर्चीत, मी समोर, आणि मी पाकीट फोडून वाचायला लागले. आमची रीतच आहे ना ती.

दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांची झीज. निदान होऊन दोन वर्षं झाली. ‘एप्रिलच्या तपासणीत समजावल्याप्रमाणे’ आता उपचार उरलेला नाही. असलेली दृष्टी या वर्षअखेरपर्यंत राहीलच असं सांगता येत नाही. पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणाऱ्या वर्गासाठी नाव नोंदवावं.

मी मध्येच थांबले. ‘वाच पुढे,’ हे म्हणाले. अगदी शांतपणे. पुढे फक्त पत्ता आणि वर्गाची वेळ होती, तीही वाचली.

‘कधी ना कधी हे पत्र येणार आणि तूच वाचणार, हे मला माहीत होतं,’ हे म्हणाले. ‘माझ्या तोंडून काही निघत नव्हतं.’

मी भांडले. हो, भांडलेच, खोटं कशाला लिहू. दोन वर्षं! लेकीला सांगितलंत, मला नाही? मी कोण, परकी? हे म्हणाले, ‘तुला सांगितलं असतं तर तू बेट सोडलं असतंस.’

‘सोडलंच असतं!’

‘म्हणूनच.’

स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

४ जुलै

दोघांची वही काढली. विचारलं, कुठपासून खोटं आहे. हे म्हणाले, ‘दोनशे त्रेपन्न खरा. तो मी पाहिला. मग नाही.’

म्हणजे सत्तेचाळीस. सत्तेचाळीस वेळा मी ‘दिसला का?’ विचारलं आणि सत्तेचाळीस वेळा ह्यांनी ‘लिही’ म्हटलं. नियम माझा. मी नियमच असा केला की ह्यांनी नाही म्हटलं असतं तर माझाही पक्षी गेला असता.

आणि जुना किनारा? दोन हातांपर्यंतचं ह्यांना मे महिन्यात अजून दिसत होतं. कागदावरचं चित्र कळत नव्हतं, पण मोठा हलता आकार धूसर का होईना दिसत होता. दोन हातांच्या पलीकडे नुसतं धुकं. कड्यावरचा पक्षी दिसणार नव्हता, पायरीवरचं सील दिसलं असतं. ह्यांनी मला कारण सांगितलं होतं. मी एकच मागितलं होतं आणि ह्यांनी तेच सांगितलं होतं.

कापडाच्या गिरणीत सव्वीस वर्षं मी तपासणीला होते. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकायचं आणि एक तुटलेला धागा असला तरी माझा हात तिथे पडायचा. मुकादम म्हणायचा, बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. आग लागो त्या नजरेला.

९ जुलै

जुन्या किनाऱ्याला फोन केला. धक्क्याजवळ एकच घर खोल्या देतं, आणि ते ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भरलेलं. विनवण्या केल्या, खोटं बोलले, खरंही बोलले. मालकीणबाई म्हणाल्या, ‘ताई, मी कोणाला बाहेर काढू?’ त्यांचंही बरोबर आहे. २८ ऑगस्ट मिळाली.

‘घाई काय आहे,’ हे म्हणाले. मी ओरडले, ‘आहे घाई!’

२ ऑगस्ट

आज सकाळी विचारलं, मी दिसते का. मी अगदी पुढ्यात, नाकासमोर बसले होते. म्हणाले, ‘आहेस एवढं दिसतं.’

१७ ऑगस्ट

खिडकी कुठे आहे ते कळतं, बाहेर काय आहे ते नाही. मी आता ‘तिकडे’ हा शब्द बोलायचा सोडलाय. तरी दिवसातून दहादा तोंडातून निघतोच. काठीच्या वर्गाला गेल्या आठवड्यापासून जातात. मी बाहेर बाकावर बसते.

२९ ऑगस्ट, जुन्या किनाऱ्यावर

धक्का तसाच आहे, पायऱ्या मात्र नव्याने बांधल्यात, सिमेंटच्या. सपाट रस्ता, चढ नाही, गुडघ्याला काही त्रास नाही. पहिल्या पायरीवर बसलो. दोन तास काहीच आलं नाही. मी मनातल्या मनात त्या सीलला नको नको ते बोलले.

मग आलं. एकच. तिसऱ्या पायरीवर धापा टाकत चढलं आणि आडवं झालं. दोन हातसुद्धा नाही, त्याहून जवळ. त्याच्या तोंडाला मासळीचा वास येत होता.

मी ह्यांचा हात दाबला. हे बरोबर त्याच्याकडेच वळले, आवाजाने. अख्खं अंग पुढे काढून, मान ताणून, डोळे मोठे करून बघत राहिले. मी सीलकडे बघतच नव्हते, ह्यांच्याकडेच बघत होते.

‘दिसतंय?’ मी विचारलं.

‘नाही गं,’ हे म्हणाले. ‘पाणी चमकतं तेवढं कळतं.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘लिहू नकोस हं.’

ते पाण्यात गेल्यावर आम्ही उठलो. जूनमध्ये इथे आलो असतो तर दिसलं असतं. हे मी ह्यांना बोलले नाही. बोलायची गरज नव्हती.

३० ऑगस्ट, जुन्या किनाऱ्यावर

हे लिहितेय ते दुपारचं. बाहेर ऊन आहे, परतीची बस संध्याकाळी. जेवण झाल्यावर हे पलंगावर टेकून बसले होते, म्हणाले, ‘तू ती दुसरी वही लिहितेस ना, ती वाच की. पेपर तर इथे येत नाही.’

‘ती माझी एकटीची आहे.’

‘वाच गं. मी काय आता चोरून वाचणार आहे?’

मग काय करणार! एप्रिलपासून वाचायला घेतलं. वेळापत्रकाच्या पानाला ‘हाही छान आहे’ म्हणाले होते, तिथे एवढे हसले की ठसका लागला. टेबल देऊन टाकल्याच्या जागी हसले नाहीत. भांडणाचं पान आलं. मी वाचत गेले, आणि शेवटच्या तीन ओळी सोडून पान उलटलं.

‘काहीतरी गाळलंस.’

‘काही नाही.’

‘चौतीस वर्षं तुझं वाचणं ऐकतोय. गाळलंस.’

वाचलं. अशा माणसाबरोबर जाण्यापेक्षा मी एकटी गेले असते तर सुखी झाले असते. नुसतं ओझं. शब्दन् शब्द वाचला. ह्यांनी चादरीवरून चाचपत माझा हात शोधला आणि त्यावर आपला ठेवला. ‘बरोबरच लिहिलंयस,’ म्हणाले, ‘पायऱ्यांवर खरंच लोंबकळत होतो मी तुला.’

मी वही मिटली. म्हटलं, पुढे बेट आहे, ते नको.

‘तेच तर हवंय,’ हे म्हणाले. ‘मला कुठे माहीत आहे तिथे काय होतं ते.’

वही उघडली. एकवीस जून. गुडघा, पिशवीचा पट्टा, डब्याचं झाकण, झाकणराव. पक्ष्यांची एक ओळ नाही. दोघांनी पाहिलंय, दोघांच्या लक्षात राहील, असं माझ्याच हाताने लिहिलेलं.

हे डोळे मिटून वाट बघत होते. मी घसा साफ केला, पान समोर धरलं आणि वाचायला सुरुवात केली, ‘एकवीस जून. चारशे बारा पायऱ्या चढून वर आलो, आणि अख्खा कडा पांढरा होता. आधी वाटलं चुना आहे. मग तो चुना हलायला लागला.’

‘किती होते?’ ह्यांनी विचारलं.

‘थांबा ना, वाचतेय,’ मी म्हटलं, आणि पुढची ओळ शोधल्यासारखं पानावरून बोट फिरवलं.